बादलीतली रेघ

खिळा जागच्या जागी होता. मान डावीकडे... खिळा. मान उजवीकडे... खिळा. नजर त्याच्यावर रोवलेली ठेवायची आणि मान अशी हलवायची, की जणू कुणीतरी फार प्रेमानं काही विचारतंय आणि आपण तितक्याच प्रेमानं नाही म्हणतोय – कानाच्या डॉक्टरीणबाईंनी असंच समजावलं होतं. वीस वेळा नाही म्हणायचं, थांबायचं, पुन्हा वीस वेळा. त्यासाठी त्यांनी एक कार्ड दिलं होतं, त्यावर एक मोठं काळं अक्षर. पण तिच्या खोलीत खिळा आयताच होता आणि अक्षरापेक्षा खिळ्यावर तिचा विश्वास जास्त. त्या खिळ्यावर वडिलांचा फोटो असायचा. दहा दिवसांपूर्वी तिनं तो उतरवून कपाटात, चादरींच्या खाली ठेवला. वहिनीनं विचारलं तेव्हा म्हणाली, काच पुसायचीय. दहा दिवस काच पुसतेय मी.

सातव्या-आठव्या खेपेला खिळ्याला शेपूट फुटलं. रोज फुटायचं. खिळा डावीकडे जरासा ओघळायचा, पुन्हा मूळपदावर यायचा, आणि तिच्या पोटातून काहीतरी सावकाश वर चढायचं. ते चढायलाच हवं होतं. 'थोडं गरगरलं पाहिजे,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, 'नाहीतर मेंदू शिकणार कसा?' म्हणजे पन्नाशी उलटल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ ठरवून गरगरायचं, औषधासारखं, जेवणाआधी. मग कोपऱ्यात उभं राहायचं, पाठीशी दोन्ही भिंती ठेवून, पावलं जुळवून, डोळे मिटून, तीसपर्यंत मोजत. शाळेत शिक्षा झाल्यासारखं. बाविसाव्या आकड्याला तिची पाठ डाव्या भिंतीला लागली. काल एकोणिसावर लागली होती. म्हणजे सुधारणा. तिनं ती वहीत लिहिली, आणि तिला आनंद झाला का हे बघितलं... नाही. काही नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन दिलं की ओठ असतो ना – आहे हे माहीत असतं, आपला आहे हे पटत नाही – तसं हल्ली सगळंच.

खालून दुकानातून करवतीचा आवाज आला. दादा पट्ट्या कापत होता. वडिलांच्या पश्चात फ्रेमचं दुकान दोघा बहीणभावांनी चालवलं. दादा पट्टी आणि काच कापणार, ती चित्र बसवणार आणि लोकांच्या भिंतींवर नेऊन टांगणार. टांगणं हेच तिचं खरं काम. गावात फ्रेमवाले चार होते, पण लेव्हल न लावता, नुसत्या नजरेनं, एका दमात सरळ टांगणारी ती एकटी. सहा वर्षांची असताना एका पाहुण्यांच्या घरी खुर्चीवर चढून तिनं न विचारता त्यांचं चित्र सरळ केलं, तेव्हा वडिलांनी खिशातून ओळंबा काढला, गवंडी लावतो तो, दोऱ्याला बांधलेला पितळी भोवरा. चित्राच्या कडेला धरला आणि म्हणाले, 'कार्टी बरोबर आहे!' तेव्हापासून घरात तिचं नावच ओळंबा. दादा अजून हाक मारतो – ओळंब्या, चहा झाला का. एका माणसाशी तिचं जमता जमता राहिलं होतं. वहिनी सगळ्यांना सांगते की त्याचा चष्मा एका कानावर जरा उंच बसायचा, ते वन्संना सहन झालं नाही. ते अगदीच खोटं नाही.

जिना उतरताना तिनं उजव्या हाताची तर्जनी भिंतीला टेकवून ठेवली. धरायचं नाही, टेकवायची फक्त. एका बोटाएवढी भिंत पुरते, हे तिला चार महिन्यांत कळलं होतं. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी तिनं कूस बदलली आणि तिच्याबरोबर खोली वळली, ती वळतच राहिली... फरशी दोन्ही हातांनी धरून ती पडली होती, आणि फरशी धरता येत नाही, तिला कड नसते, हे तिला त्या वेळी पहिल्यांदा समजलं. 'पित्त असेल हो वन्सं,' म्हणत वहिनी डोक्याशी बसली होती, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातानं तिचं कपाळ दाबत, दोन दिवस. पित्त नव्हतं. डाव्या कानाच्या आत सूज येऊन गेली होती. ऐकण्याची नस वाचली, तोल सांभाळणारी बरीचशी गेली. 'तुमच्याच भाषेत सांगते,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'दोन माणसं मोठी काच उचलून चाललीयत. एकानं आपली बाजू सोडली. काच फुटली नाही, एवढंच म्हणायचं. आता दुसऱ्याला एकट्यानं न्यायला शिकायचंय.'

'आज परिचारिका विद्यालय,' दादा करवत न थांबवता म्हणाला. 'चौदा फोटो. टेम्पोवाला सकाळीच टाकून आलाय. जमेल ना?'

'न जमायला काय झालं?'

'मी येतो हवं तर बरोबर.'

'आणि इथे कोण, वहिनी काच कापणार?'

'वहिनी काही पण कापेल,' आतून वहिनी म्हणाली. 'पहिला तुमच्या दादाचा खिसा. वन्सं, डबा घेतला का?'

तिनं पिशवी उचलली. हातोडी, खिळ्यांचा डबा, पेन्सिल, मोजपट्टी, आणि अगदी तळाला, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली लेव्हल – हातभर लांबीची, मधे काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. ती लेव्हल तिनं कधी ठेवली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ती पुन्हा कामावर जायला लागली त्या दिवसापासून रोज सकाळी ती पिशवीत असायची, आणि रोज संध्याकाळी ती तशीच, फडक्याची गाठही न सोडता, परत यायची. दादा ठेवायचा. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते. घरात अशा गोष्टी असतात, की त्यांना हात लावायचा नाही असं न ठरवता ठरतं.

रस्त्यानं ती दुकानांच्या भिंतींच्या कडेनं चालली. समोरून सायकल आली की आधी थांबायचं, मग बघायचं. चालता चालता मान वळवली की रस्ता होडीसारखा एका बाजूला दबतो. औषधांच्या दुकानाशी ती उभी राहिली आणि काहीतरी आठवल्यासारखं केलं. लोक थांबलेल्या बाईकडे संशयानं बघतात, पण काहीतरी आठवणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही... आणि खरंच आठवलं. बादली. हल्ली रोज, कुठे ना कुठे, ती बादली.

निळी, प्लॅस्टिकची, साधी. दहा दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी ती टेबलाखालून काढली तेव्हा तिला वाटलं उलटीसाठी असेल. 'हिच्यात तोंड घाला,' त्या म्हणाल्या. बादली आडवी धरलेली, तिच्या चेहऱ्यासमोर, आत दुसरं काहीच दिसू नये अशी. आणि समोर तळाला मार्करनं ओढलेली एक काळी रेघ. 'मी बादली फिरवते. रेघ अगदी उभी, सरळ झाली की थांब म्हणा.' तिला हसूच येणार होतं. मला? ही परीक्षा मला? 'थांबा,' ती म्हणाली, दुकानात तीस वर्षं म्हणत आली होती तसं. पुन्हा एकदा. 'थांबा.' सहा वेळा. मग बाईंनी बादली फिरवून तिला मागची बाजू दाखवली. तिथे शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक चिकटवलेला, आणि मधोमध दोऱ्याला एक लोखंडी नट लटकत होता.

'साडेचार अंश,' बाई म्हणाल्या. 'डावीकडे. सहाही वेळा जवळजवळ तेवढंच.'

'बादली वाकडी धरली असेल तुम्ही.'

'बादली कशीही धरा हो, ओळंबा सरळच लटकतो ना?'

त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी सहज तो शब्द वापरला होता. घाबरू नका, त्या म्हणाल्या, बहुतेकांचं हळूहळू जागेवर येतं, काहींचं थोडं राहतं, पण अडत नाही. भरल्या उजेडात डोळा दारांचा, खिडक्यांचा, टेबलांचा आधार घेतो आणि चूक आपोआप भरून काढतो, माणसाला पत्ताही लागत नाही. तिनं मान डोलावली – सावकाश. तिनं हे सांगितलं नाही, की तो आधार घ्यायचा नाही हेच तर तिला शिकवलं होतं. वडील म्हणायचे, घरं खोटं बोलतात. चौकट ही सुताराची चूक असते आणि छत ही गवंड्याची. त्यांच्याकडे बघून टांगशील तर त्यांच्या चुका टांगशील. भिंतीकडे बघ, बाकी सगळं पुसून टाक, आणि आतल्याला विचार. तीस वर्षं ती भिंतीसमोर उभी राहून सगळं पुसून टाकत आली होती, आतल्याला विचारत आली होती, आणि आतला कधी अडखळला नव्हता. आता कळलं की तो आतला म्हणजे डाव्या कानातली, शेंगदाण्याएवढी कसलीशी जागा. आणि ती आता काहीही सांगत होती, त्याच जुन्या ठाम आवाजात.

पण बादलीत अंधार असतो, ती स्वतःला म्हणत आली होती. भिंतीवर नसतो. दोन महिन्यांत तिनं नऊ ठिकाणी टांगलं, एकाचीही तक्रार नाही. भिंत वेगळी. भिंतीवर माझी नजर शाबूत आहे.

विद्यालयाच्या मेट्रनबाई दारातच होत्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

'या ताई. तब्येत बरी ना आता? जिन्यावरून सावकाश. मुलींनी फरशी आत्ताच पुसलीय आणि आमच्या मुली पाणी वाचवत नाहीत.'

पहिल्या मजल्यावरचा लांब व्हरांडा, एका बाजूला उंच खिडक्या, दुसऱ्या बाजूला नुकती रंगवलेली कोरी भिंत. चौदा फोटो भिंतीला टेकवून ठेवलेले, दर वर्षाची एक तुकडी. तीन रांगांत पांढऱ्या कपड्यांतल्या मुली – पुढच्या बसलेल्या, मधल्या उभ्या, मागच्या बाकावर चढलेल्या – हात सारखे, हसू सारखं. रुंद फ्रेम, एका खिळ्यावर झुलते, म्हणून दोन खिळे लागतात. दोन खिळे म्हणजे मागाहून हळूच सरळ करायची सोय नाही. एकदा ठोकलं की ठोकलं.

पहिली फ्रेम तिनं नजरेनं लावली. भिंतीकडे बघितलं, खिडक्या पुसल्या, छत पुसलं, फरशी पुसली, आतल्याला विचारलं. पेन्सिलच्या दोन खुणा. हातोडी. फ्रेम अडकवून ती पाच पावलं मागे आली. सरळ. शांत, पूर्ण सरळ, मुली जमिनीवर पाय रोवून उभ्या. बघ, ती मनात म्हणाली, कुणाला कोण जाणे.

मेट्रनबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. मान जराशी तिरकी केली. मग सरळ. पुन्हा तिरकी.

'इथली पण भिंत वाकडी आहे का हो ताई?'

'पण म्हणजे?'

'वाचनालयातली होती ना. मागच्या खेपेला तुम्ही ते सहा फोटो लावून गेलात, दुसऱ्या दिवशी तुमचे दादा आले. म्हणाले, बहीण बरोबर लावते, तुमची भिंतच वाकडी आहे, थोडं जुळवून घ्यावं लागेल. दुपारभर खपत होते बिचारे. मी म्हटलं, अहो, चाळीस वर्षं उभी आहे भिंत, कुणी काही बोललं नाही तिला.' त्या हसल्या. 'चांगले आहेत हो दादा. येतात नेहमी. मागच्या वर्षी तुम्ही प्राचार्यांचं चित्र लावलंत, तेव्हाही येऊन गेले होते.'

'मागच्या वर्षी... कशाला?'

'ते नाही बाई मला माहीत. मी रजेवर होते. दारावरच्या वहीत नाव होतं त्यांचं. चहा पाठवू का?'

चहा नको, ती म्हणाली. बहुतेक म्हणाली. मेट्रनबाई किल्ल्या वाजवत गेल्या, आणि ती व्हरांड्याच्या टोकाला, वाचनालयाच्या दारापर्यंत, तर्जनी कोऱ्या भिंतीला टेकवत गेली. आत तीन मुली पुस्तकांवर वाकलेल्या. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. सहा फोटो एका रांगेत होते आणि सहाही उजवीकडे कलत होते. एका वाऱ्यानं झुकलेल्या गवतासारखे, एका मापानं. मी असे लावले नव्हते. तिनं पहिल्या फ्रेमची खालची कड धरून ती हलकेच भिंतीपासून दूर केली आणि गाल भिंतीला लावून मागे बघितलं. उजवा खिळा तिचा होता, तसाच. डावा नवा. त्याच्या खाली बोटभर अंतरावर जुनं भोक, पुट्टीनं बुजवलेलं, वरून भिंतीच्या रंगाचा एक ठिपका, आणि तो ठिपकासुद्धा पुसून पसरवलेला, कडा दिसू नयेत म्हणून. फ्रेमच्या मागे. जिथे कुणी जन्मात बघणार नव्हतं तिथे दादानं कडा पुसल्या होत्या.

नऊ ठिकाणं. नऊ ठिकाणी तो गेला असणार... 'लाकूड बघून येतो,' 'काचवाल्याकडे जाऊन येतो' – तिला त्या दुपारी एकेक करून आठवल्या, आणि आठवताना ती वाट बघत राहिली, की आता लाज येईल, राग येईल. नुसता पुट्टीचा वास आला. कदाचित तोही नाही. दोन महिन्यांत पुट्टीचा वास जातो.

समोरच्या भिंतीवर प्राचार्यांचं चित्र होतं. मोठं, जड, काळ्या पट्टीचं. मागच्या वर्षी लावलेलं – तेव्हा कान धड होता, तेव्हा ती ओळंबा होती. त्याच्याही मागे दोन खिळे. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कड धरली. गार, वार्निशचं लाकूड, खाली दादाच्या हातचा तो जोड, ज्यात नखसुद्धा शिरत नाही. एवढीशी ओढली की कळेल. तिथे बुजवलेलं भोक नसेल तर तो मागच्या वर्षी सहज आला असेल, या बाजूला काही काम असेल. आणि असेल तर... तर कधीपासून? वडील होते तेव्हापासून? 'कार्टी बरोबर आहे' म्हणताना त्यांनी दोरा धरला होता, आणि तो दोरा कुठे लटकत होता ते सहा वर्षांच्या मुलीनं बघितलं नव्हतं. तिनं फक्त त्यांचं तोंड बघितलं होतं. माझं नाव त्या एका तोंडावरून पडलं.

एका मुलीनं पान उलटलं. तिनं कड सोडली. चित्र भिंतीला टेकल्याचा टक् असा लहानसा आवाज झाला.

व्हरांड्यात परत येऊन तिनं पिशवी पालथी केली. पिवळ्या फडक्याची गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. पहिल्या फ्रेमवर लेव्हल ठेवली तेव्हा बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन बसला, खोड्या करून पळालेल्या पोरासारखा. तिनं डावा खिळा उपटला, बोटभर वर ठोकला. बुडबुडा दोन रेघांच्या मधे आला आणि थांबला. ती पाच पावलं मागे गेली. मुली उजवीकडे घसरत होत्या. मागच्या रांगेतली शेवटची, जाड भिंगांची मुलगी आता बाकावरून पडणारच... तिचे हात आपोआप वर आले. वीस वेळा नाही म्हणायचं. तिनं ते हात फडक्याला पुसले आणि दुसरी फ्रेम उचलली.

मग तिनं भिंतीकडे बघणंच सोडलं. बुडबुड्याकडे बघायचं, खूण करायची, ठोकायचं. हे काम कुणीही करू शकलं असतं, हे तिला चौथ्या फ्रेमला सुचलं. सहाव्याला त्यातलं टोक गेलं. नवव्याला ती नुसती ठोकत होती. मधे एकदा वर बघताना गरगरलं तेव्हा तिनं खिळ्याच्या डोक्यावर नजर रोवली आणि थांबली, खिळा थांबेपर्यंत. दुपारी डब्यातलं अर्धं खाल्लं. चौदावी फ्रेम लागली तेव्हा खिडक्यांचं ऊन तिरपं होऊन भिंतीवर चढलं होतं, आणि चौदा तुकड्यांच्या मुली, अडीचतीनशे तरी असतील, सगळ्या मिळून एका बाजूला कलल्या होत्या. होडीत असल्यासारख्या. कुणालाच भीती वाटत नव्हती. हसू तसंच.

दादा न सांगता आला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज ऐकून तिनं लेव्हल फडक्यात गुंडाळायला घेतली, मग गुंडाळली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर उघडीच राहू दिली.

'इकडे काचवाल्याकडे आलो होतो,' तो म्हणाला. 'म्हटलं तुला घेऊन जावं.'

'काचवाला तिकडे, पुलापलीकडे आहे.'

'हो, म्हणजे... तिकडूनच आलो.'

तो व्हरांड्यातून चालत गेला, एकेका फोटोपाशी थांबत, हात पाठीमागे बांधून, आपल्या दुकानचं नसलेलं काम बघावं तसा. तिसऱ्यापाशी त्याचा डावा हात सुटला आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला, दोन महिन्यांच्या सवयीनं. कोपऱ्यापाशी पोचून तो हवेत थांबला. त्यानं मान मागे घेतली. पुन्हा बघितलं. मग त्याला कट्ट्यावरची लेव्हल दिसली.

खाली अंगणात मुली कशावरून तरी हसत होत्या.

'इथली भिंत सरळ आहे,' ती म्हणाली.

दादानं हात खाली घेतला. मुठीत काहीतरी धरलंय अशी मूठ मिटली, उघडली. 'हां,' तो म्हणाला. आणि मग, खिडकीबाहेर बघत, 'कुणी सांगितलं?'

'मेट्रनबाई. त्यांना कौतुक आहे तुझं.'

'अगं, मी म्हटलं, होईल ना बरं. तोवर...'

'मागच्या वर्षी कशाला आला होतास इथे?'

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर एवढंच दिसत होतं, की तो आठवतोय. खरंच आठवत असेल. किंवा आठवणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, हे त्यालाही माहीत असेल. एका घरात वाढलेली माणसं.

'मागच्या वर्षी?' तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. पाठीमागे खिडकी, ऊन, आणि दादा त्या उन्हात उभा – केस विरळ झालेला, शर्टाच्या बाहीवर भुसा, उजवीकडे किंचित कललेला. सगळा दादाच. पायांपासून डोक्यापर्यंत, एका मापानं. पुसून टाकावं असं मागे काही उरलं नव्हतं; खिडकीची चौकट कलली होती, बाहेरचं झाड कललं होतं, आणि त्या सगळ्यांत तो कसा उभा आहे हे आतल्याला विचारायची तिला सवय होती. तिनं विचारलं नाही. आत खूप खोल, इंजेक्शन उतरायला लागल्यावर ओठाच्या एका टोकाशी येतात तशा मुंग्या आल्यासारखं काहीतरी झालं, किंवा झाल्यासारखं वाटलं.

'राहू दे,' ती म्हणाली. 'लेव्हल घे ती. पिशवी जड होते मला.'

तिनं तर्जनी पुढे केली. भिंत डाव्या बाजूला होती, हाताशी. पण तर्जनी तिनं टेकवली ती दादाच्या कोपराला. धरलं नाही, टेकवली फक्त... आणि तो जसा दिसत होता तसाच, कललेला, तिनं राहू दिला.